‘व्हाइट टायगर’ आणि जागेपणाचा दावा

अरविंद अडिगा यांच्या ‘द व्हाइट टायगर’ या कादंबरीस २००८ साली बुकर पारितोषिक मिळाले. रामिन बहरानी यांनी तीवरून केलेला चित्रपट जानेवारी २०२१ मध्ये आला. खेड्यातला बलराम हलवाई जमीनदाराच्या मुलाचा मोटारचालक होतो, पुढे त्याच मालकाचा खून करतो आणि त्याच्या पैशांवर बंगलोरात टॅक्सीचा धंदा उभारतो. धम्माच्या अभ्यासकाने हा चित्रपट पाहावा, असे आम्ही म्हणू. भारावून जावे असे मात्र त्यात थोडेच आहे.

आदर्श गौरव या नटाचे काम उत्तम आहे. मालकीणबाईंच्या हातून रात्री एक मूल चिरडले जाते आणि दुसऱ्या दिवशी गुन्ह्याच्या कबुलीचा कागद नोकरापुढे सरकविला जातो. त्या वेळी त्याच्या ओठांवर गोठलेले हसू आम्हांस अजून आठवते. रहस्यपट म्हणून मात्र चित्रपट सैल वाटतो. नायक सुटला आणि श्रीमंत झाला हे आरंभीच कळते, मग ताण उरतो तो केवळ ‘केव्हा’ एवढाच.

खरा नैतिक प्रसंग खुनाच्याही आधीचा आहे. रामपरसाद हा वरच्या क्रमांकाचा चालक धर्म लपवून राहिलेला मुसलमान आहे, हे बलरामास समजते. त्या माहितीच्या बळावर तो त्याला बाहेर काढून त्याची जागा घेतो. येथे मालकाचा जुलूम नाही. एका गांजलेल्याने दुसऱ्या गांजलेल्याच्या पोटावर पाय दिला आहे. चेतना म्हणजेच कर्म, असे मानणाऱ्याने येथे थांबावयास हवे. दिग्दर्शक थांबत नाही.

कादंबरीच्या अखेरीस बलराम तथागतांची एक गोष्ट आपल्या समर्थनार्थ वापरतो. कोणी कपटी ब्राह्मण विचारतो, आपण मनुष्य की देव? उत्तर येते, दोन्ही नव्हे. मी जागा आहे, इतर झोपले आहेत. या कथेचे मूळ अंगुत्तर निकायातील दोण सुत्तात आहे. तेथला दोण कपटी नाही. उक्कट्ठा आणि सेतब्या यांमधील वाटेवर चक्रांकित पाऊलखुणा पाहून तो विस्मित झाला आहे. देव, गंधब्ब, यक्ख की मनुष्य, हे तो क्रमाने विचारतो. ज्या आसवांमुळे यांपैकी कोणीही व्हावे लागते ते आसव समूळ तुटले आहेत, म्हणून ‘बुद्ध’ म्हणा, असा उत्तराचा आशय आहे. इतर झोपले आहेत हे वाक्य त्या सुत्तात नाहीच. बलरामाचा तर भवासव, म्हणजे मालक होण्याची तहान, शेवटपर्यंत वाढतच गेला आहे. आपल्या कृत्यापायी मागे राहिलेल्या घरच्यांची कत्तल होईल हे जाणूनही पुढे जाणाऱ्यास जागा म्हणणे आम्हांस मान्य नाही.

पिचलेल्यास शीलाचा उपदेश करून मोकळे व्हावे, असाही याचा अर्थ नव्हे. दीघ निकायातील चक्कवत्तिसीहनाद सुत्तात राजा निर्धनांस धन देत नाही. त्यातून दारिद्र्य, दारिद्र्यातून चोरी, चोरीतून शस्त्र आणि हत्या वाढतात. बलरामाचा राग समजण्याजोगा आहे. परंतु २० नोव्हेंबर १९५६ रोजी काठमांडू येथे बाबासाहेबांनी बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना केली, तेव्हा भर दिला तो साधनांवर. त्याआधीच्याच महिन्यात नागपुरात लाखो माणसे मिळून बाहेर पडली होती. बलराम कोंबड्यांच्या खुराड्याची उपमा पुनःपुन्हा देतो, आणि बाहेर पडतो तो एकटा.

आता मोठ्या पोटाचे आणि लहान पोटाचे अशा दोनच जाती उरल्या, हे त्याचे म्हणणे चित्रपट जणू सिद्धांत म्हणून पुढे करतो. विनोद म्हणून ते ठीक आहे. गरिबांच्या नावाने निवडून येणारी पुढारीण तेवढी लाचखाऊ दाखविणे मात्र फार सोपे झाले.

शेवटाकडे बलरामाच्या एका चालकाच्या गाडीखाली एक तरुण मरतो. बलराम चालकाकडून कबुली लिहून घेत नाही, जबाबदारी स्वतःकडे घेतो आणि मृताच्या घरी पैसे घेऊन जातो. आम्हांस कुतूहल होते ते याच माणसाचे, आणि त्याच्या वाट्यास आली आहेत केवळ काही मिनिटे.