टायर नावाचा नट

आपल्याकडे चित्रपटाची समीक्षा म्हटली की दिग्दर्शक झाला, नायक झाला, नायिका झाली, संगीत झालं, छायाचित्रण 'नेत्रसुखद' झालं, की समीक्षक चहा प्यायला मोकळा. पण ज्याने पिढ्यान्‌पिढ्या पडद्यावर गोळ्या खाल्ल्या, ज्याच्या मरणावाचून एकही पाठलाग पुरा होत नाही, त्या मोटारीच्या टायरबद्दल कोणी चार ओळी लिहिल्याचं माझ्या तरी वाचनात नाही. हा अन्याय दूर करावा म्हणून हा लेखनप्रपंच.

भूमिका तशी ठरलेलीच. पुढे खलनायकाची गाडी, मागे नायकाची. नायक एका हाताने स्टिअरिंग सांभाळतो, दुसरा हात खिडकीबाहेर काढतो आणि खड्ड्यांतून उसळणाऱ्या गाडीतून एकच गोळी झाडतो. ती बरोब्बर मागच्या टायरला लागते. 'फाट्' असा आवाज होतो. गाडी दोन झोकांड्या खाते, हवेत गिरकी घेते आणि कोणीतरी आधीच रचून ठेवलेल्या रिकाम्या खोक्यांवर जाऊन कोसळते. खलनायक मात्र नुसते केस विस्कटून बाहेर येतो, कारण शेवटची मारामारी अजून बाकी असते. एका गोळीत एवढी कामं! एका सहीत इतकी कामं उरकताना मी फक्त आमच्या मॅनेजरसाहेबांना पाहिलं आहे, आणि तेही ३१ मार्चच्या रात्री.

आता हे खरंच होतं का? मी पडलो बी. कॉम. पदार्थविज्ञानाने माझी साथ शाळेतच सोडली. म्हणून मी या विषयातल्या तज्ज्ञाकडे, म्हणजे आमच्या नाक्यावरच्या पंक्चरवाल्या मामांकडे गेलो. ते घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधत होते.

"मामा, गोळी लागली तर टायर फुटतो का हो?"

मामांनी वर पाहिलं. खात्यात शिल्लक नसताना चेक लिहिणाऱ्याकडे मी पाहतो, तसंच अगदी.

"साहेब, फुगा फुटतो. टायर फुटत नाय. टायर बसतो."

एवढं बोलून ते पुन्हा बुडबुड्यांकडे वळले. चार ग्रंथ वाचून मला जे कळलं नसतं ते त्यांनी तीन वाक्यांत सांगितलं. टायर म्हणजे हवा भरलेली रबरी पिशवी नव्हे. त्यात रबराचे थर, धाग्यांची विणकाम केलेली चौकट आणि पोलादी तारा असतात. मोटारीच्या टायरमध्ये हवेचा दाब असतो चौरस इंचाला साधारण ३० ते ३५ पौंड. पिस्तुलाची गोळी आत शिरली, तर तिच्या मागे रबर बरंचसं मिटतं आणि हवा फुसफुसत बाहेर पडू लागते. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा घुसला असताना लोक चार-चार दिवस ऑफिसला जातात आणि त्यांना पत्ता नसतो. जुन्या ट्यूबवाल्या टायरची गोष्ट वेगळी, तिथे ट्यूब फाटली की हवा लवकर जाते. मोठ्या रायफलीची गोळी बाजूच्या पातळ भिंतीतून आरपार गेली तरी लवकर जाते. उलट गोळी तिरकी येऊन जाड नक्षीवर आदळली, तर घसरून भलतीकडेच निघून जायचाही संभव असतो.

आमच्या भाषेत सांगायचं तर दरोडा पडून तिजोरी रिकामी होणं वेगळं आणि पगाराचं खातं वीस तारखेपर्यंत आपोआप रिकामं होणं वेगळं. गोळी लागलेला टायर बहुधा दुसऱ्या प्रकारात मोडतो.

सिनेमाचे कैवारी म्हणतील, पंक्चरवाल्याचं काय घेऊन बसलात, पुरावा दाखवा. पुरावा आहे, आणि तो साक्षात एका राष्ट्राध्यक्षांच्या गाडीचा आहे.

२२ ऑगस्ट १९६२ ची संध्याकाळ. फ्रान्सचे अध्यक्ष शार्ल द गोल पॅरिसहून विमानतळाकडे निघाले होते. काळी सित्रोएन डी.एस. गाडी. मागे अध्यक्ष आणि त्यांच्या पत्नी, पुढे जावई आणि फ्रान्सिस मारू नावाचे ड्रायव्हर. अल्जीरिया स्वतंत्र केल्याबद्दल खवळलेली काही मंडळी बास्तियाँ-तिरी नावाच्या हवाई दलातल्या अधिकाऱ्याच्या नेतृत्वाखाली पेती-क्लामार या उपनगरात दबा धरून बसली होती. गाडी टप्प्यात आली आणि मशीनगनी सुरू झाल्या. दीडशेच्या वर गोळ्या सुटल्या. त्यांतल्या चौदा गाडीला लागल्या, मागची काच फुटली आणि दोन टायर गेले.

सिनेमाच्या हिशेबाने एका टायरला एक कोलांटी, म्हणजे दोन टायरना दोन कोलांट्या व्हायला हव्या होत्या. प्रत्यक्षात काय झालं? जावईबापूंनी सासऱ्यांना ओरडून खाली वाकायला सांगितलं. (जावयाने हुकूम सोडावा आणि सासऱ्याने तो ऐकावा, असे प्रसंग इतिहासात थोडेच.) ड्रायव्हरने ब्रेक न दाबता वेग वाढवला. गाडी डुलली, भरकटली, सावरली आणि त्याच बसक्या टायरांवर थेट विमानतळावर पोचली. त्या गाडीला साध्या स्प्रिंगऐवजी तेल आणि वायूच्या दाबावर चालणारी यंत्रणा होती, तिनेही गाडीचा तोल सांभाळला. आतल्या चौघांपैकी एकालाही गोळी लागली नाही. उतरल्यावर बाईसाहेबांनी म्हणे पहिली चौकशी केली ती कोंबड्या ठीक आहेत ना याची. दुसऱ्या दिवशीच्या जेवणासाठी घेतलेल्या कोंबड्या डिकीत होत्या! फ्रेंच बोलीत पोलिसांनाही 'कोंबड्या' म्हणतात, त्यामुळे बंदोबस्तावरचे पोलीस उगाचच गहिवरले, असंही सांगतात.

१९७३ सालचा 'द डे ऑफ द जॅकल' हा इंग्रजी चित्रपट याच हल्ल्यापासून सुरू होतो. तिथे गाडी उलटवायचा मोह दिग्दर्शकाला आवरावाच लागला, कारण पुढचा सगळा चित्रपट अध्यक्ष जिवंत राहण्यावर उभा आहे. टायरच्या वाट्याला आलेली ही एक खरी भूमिका.

बरं, सिनेमावाल्यांना हे ठाऊक नसतं असंही नाही. २००६ च्या 'कॅसिनो रोयाल'मध्ये जेम्स बाँडची गाडी रस्त्यात पडलेल्या नायिकेला वाचवताना उलटते. चित्रीकरणाच्या वेळी ती ॲस्टन मार्टिन आधी उतरंडीवरून नेऊन पाहिली. गाडी इतकी बसकी, इतकी तोलदार की उलटेचना. शेवटी गाडीच्या पोटात नायट्रोजनच्या दाबावर चालणारी तोफ बसवली. ती उडवल्यावर गाडीने सात कोलांट्या खाल्ल्या आणि त्याचा जागतिक विक्रम नोंदला गेला. म्हणजे गाडी उलटवायला तोफ लागते, पिस्तूल पुरत नाही, हे कबूल करणारी मंडळी सिनेमावालीच आहेत.

मग हा खोटेपणा चालतो कसा? मला वाटतं, त्यामागे एक सोय आहे. नायकाने बंदूक तर चालवायला हवी, पण त्याच्या हाताला रक्त लागता कामा नये. मग टायरला पुढे करतात. पडद्यावरच्या सगळ्या अहिंसेचा बळी हा बिचारा टायर.

इथपर्यंत ठीक होतं. तीन तास काय वाट्टेल ते खपतं. पण प्रेक्षक ही समजूत घरी घेऊन जातो. पळणाऱ्या गाडीवर पोलिसांनी गोळीबार केला आणि आतला माणूस गेला, अशी बातमी वाचली की लोकलमध्ये कोणीतरी हमखास म्हणतो, "अहो, टायरवर मारायची ना गोळी!" जसा काही टायर खुंटीला टांगलेला असतो! टायर गरगर फिरत असतो, अर्धा पत्र्याआड असतो, आणि त्याच्या आजूबाजूला रस्ता असतो, रस्त्यावर माणसं असतात. हुकलेली गोळी काही परत म्यानात जात नाही. ३० मार्च १९८१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांना लागलेली गोळी सरळ आलीच नव्हती. त्यांच्याच चिलखती गाडीच्या पत्र्यावर आपटून ती त्यांच्याकडे वळली होती. न्यूयॉर्कच्या पोलीस खात्याने तर १९७२ मध्येच नियम केला, की आतले लोक गाडीखेरीज दुसऱ्या हत्याराने जिवावर उठले नसतील, तर चालत्या गाडीवर गोळी झाडायची नाही. टायरवर झाडा, अशी सवलतही ठेवली नाही. ज्यांच्या कमरेला रोज पिस्तूल असतं त्यांना जे कळलं, ते बाल्कनीत बसून आपल्याला कळत नाही.

आणि गंमत अशी, की टायर फुटतो, धडाक्याने फुटतो, पण त्याला गोळी लागत नाही. हवा कमी असली की टायरच्या भिंती दर फेऱ्याला चेपतात, चेपल्या की तापतात. त्यात झिजून गुळगुळीत झालेली नक्षी, क्षमतेबाहेरचं सामान, डोक्यावर मे महिना आणि मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावरचा आपला उत्साह. मग पाठलाग नसतो, खलनायक नसतो, रिकामी खोकीही नसतात. तिथे 'फाट्' झालं तर ब्रेकवर उभं राहू नये. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट सरळ धरावं, ॲक्सिलरेटरवरचा पाय काढावा आणि गाडीला आपणहून मंद होऊ द्यावं. हा प्रसंग कुठल्याही चित्रपटात मी पाहिलेला नाही, कारण त्यात कोणाला टाळ्या पडणार?

तात्पर्य, नट उत्तम आहे, भूमिका चुकीच्या मिळतात. चारही टायरांची हवा महिन्यातून एकदा, टायर थंड असताना, मामांकडे पाहून घ्यावी. आणि डिकीतल्या स्टेपनीला विसरू नये. तो बदली नट. आयत्या वेळी त्यालाच उभं राहायचं असतं, आणि त्याची तालीम मात्र कोणीच घेत नाही.