'चर्चा करा' म्हणजे नेमकं काय करा? परदेशी विद्यापीठाच्या पूर्वतयारीची चिकित्सा

विषय परदेशी विद्यापीठांचा आणि व्याख्यान चिंचपाड्यात, हे काहींना विचित्र वाटेल. आम्हाला वाटत नाही. इथून पुढे थोड्याच अंतरावर नवापूर स्टेशन आहे. त्याचा फलाट निम्मा महाराष्ट्रात, निम्मा गुजरातेत. घोषणा मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी अशा चार भाषांत होतात. आसपासच्या पाड्यांवरचं मूल घरी जी मावची बोलतं, ती या चारांत नाही. म्हणजे हे मूल पहिलीत बसतं तेव्हाच परक्या भाषेत शिकायला लागतं. लंडनला जाणं हा त्याच्यासाठी पहिला परदेश नव्हेच.

पुण्यात येमेन, इराण, अफगाणिस्तानातले विद्यार्थी अनेक वर्षं शिकायला येतात. त्यांना इंग्रजीची तयारी लागेल हे सगळ्यांना मान्य असतं, कारण त्यांच्यावर 'परदेशी' असा शिक्का असतो. त्याच बाकावर नवापूर तालुक्यातला विद्यार्थी बसला, तर तो 'आपला', 'स्थानिक'. त्याला येतच असणार! राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे ना, असं वर ऐकवलं जातं. विषय वेळापत्रकात आला म्हणजे भाषा डोक्यात आली, हा हिशेब कुणी केला कोण जाणे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. आदिवासी विद्यार्थ्यांना परदेशी उच्च शिक्षणासाठी केंद्राची शिष्यवृत्ती आहे, राज्याचीही आहे. दार उघडं आहे. पण दारापर्यंत नेणारी जी 'तयारी' विकली जाते, तिच्याविषयी आमची तक्रार आहे. ही तयारी परीक्षेची असते, विद्यापीठाची नसते.

आयईएलटीएस परीक्षा पाहा. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं असे चार भाग. लिहिण्याच्या तासाभरात दोन उत्तरं, एक किमान १५० शब्दांचं, दुसरं किमान २५० शब्दांचं. परीक्षा वाईट नाही. विशिष्ट देशाचा उच्चार ती मागत नाही, बोलणं समजलं पाहिजे एवढंच. तरी क्लासवाले उच्चारावर महिनेच्या महिने घालवतात आणि निबंधाचा साचा पाठ करून घेतात. सुरुवात ठरलेली, शेवट ठरलेला, मधे विषय भरायचा. परीक्षक असले साचे ओळखतात आणि त्यांचे गुण कमी होतात, ही गोष्ट वेगळीच. समजा बँड मिळाला. तरी पुढे काय? विद्यापीठात २५० शब्द लिहायचे नसतात. तिथे आठवड्याला चार-पाच लेख वाचून, ते एकमेकांशी कुठे भांडतात ते शोधून, आपली बाजू मांडायची असते.

इथे एका साध्या शब्दावर थोडं थांबू या. 'डिस्कस'. आपल्या प्रश्नपत्रिकेत त्याचं भाषांतर 'चर्चा करा'. आणि 'सविस्तर चर्चा करा' म्हटलं की आपला विद्यार्थी काय करतो? त्या विषयावर माहीत असलेलं सगळं ओततो. '२१ अपेक्षित' वाचून वाढलेल्या आपल्या सगळ्यांना तेच शिकवलंय, आणि त्याला गुणही मिळतात. तिकडे त्याच शब्दाचा अर्थ वेगळा. एक दावा घ्या, त्याच्या बाजूचा पुरावा तोला, विरुद्धचा तोला, मग सांगा तुम्हाला कितपत पटतं. इंग्रजी उत्तम असलेला मुलगाही इथे आपटतो. व्याकरण चुकलेलं नसतं, प्रश्न चुकलेला असतो.

तसंच नोट्सचं. सरांच्या नोट्स शब्दशः उतरवणं हा आपल्याकडे अभ्यास, किंबहुना आदर. तिकडे स्रोत न सांगता तेच केलं तर ते वाङ्मयचौर्य. संगणक ते पकडतो आणि प्रकरण समितीपुढे जातं. हे विमानात बसण्यापूर्वी नीट समजावून सांगणारा क्लास आमच्या पाहण्यात नाही. मुलगा अप्रामाणिक नसतो हो, तो आपल्या शाळेशी प्रामाणिक असतो!

कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये बोलण्याची भाषा आणि अभ्यासाची भाषा असा फरक मांडला. स्थलांतरित मुलांना नव्या भाषेत बोलणं साधारण दोन वर्षांत जमतं, अभ्यासापुरती भाषा यायला पाच ते सात वर्षं लागतात. ही वर्षं आपण तीन महिन्यांच्या 'फाडफाड इंग्रजी'त कोंबू पाहतो. पण कमिन्स यांचं दुसरं म्हणणं आमच्या दृष्टीनं जास्त कामाचं आहे. एका भाषेत कमावलेली वाचायची, तर्क करायची सवय दुसऱ्या भाषेत सोबत येते. म्हणजे 'कितपत पटतं?' हा प्रश्न मराठीत विचारता येतो. मावचीत तर जास्तच चांगला विचारता येतो. जमिनीच्या वादावर पाड्यात माणसं बसतात तेव्हा दोन्ही बाजू ऐकून, कुणाच्या म्हणण्याला काय आधार आहे हेच तोललं जातं. ते कौशल्य शाळेच्या दारात काढून ठेवायला सांगितलं जातं, चपलांसारखं.

तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेनं महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्यांना इंग्रजी शिकवलं, ते मराठीच्या खांद्यावरून. मराठी वाक्य घ्या, इंग्रजी करा. पद्धत जुनी, रटाळसुद्धा. पण ती एक गोष्ट मान्य करत होती, की विद्यार्थ्याकडे आधीची एक भाषा आहे. फक्त ती मराठीच, तीही पुस्तकी, हे तिनं धरून चाललेलं. मावची घरातल्या विद्यार्थ्याला तिथे दोनदा भाषांतर करावं लागतं. आजचे 'फक्त इंग्रजीत बोला' वाले क्लास तर आधीची भाषा दंड आकारून बंद करतात.

आता ज्यावर आमच्याशी वाद घालावा अशी आमची इच्छा आहे, ते सांगतो. बारावीनंतर किंवा पदवीच्या पहिल्या वर्षापासून आठवड्यातून एक बैठक. एक इंग्रजी लेख, चार-पाच पानांचा, मुलांच्या ओळखीच्या विषयावरचा: उकाईचं धरण, सिकलसेल, वनहक्क. वाचन इंग्रजीत, भांडण मावचीत किंवा मराठीत, आणि शेवटी लेखक काय म्हणतो आणि मी काय म्हणतो हे वेगवेगळं ठेवून दहा ओळी इंग्रजीत. व्याकरण दुसऱ्या फेरीत तपासायचं. परीक्षेचा सराव शेवटच्या दोन-तीन महिन्यांत. याला लागणारे शिक्षक कुठून आणायचे, हा रास्त प्रश्न समोरून येणार. मावची बोलणारे पदवीधर तालुक्यात आहेत. त्यांना या कामासाठी कुणी मानधन देत नाही. पहिलं भांडण त्यावरच सुरू करू या. बोला.