ज्याचा वार, त्याची रात्र

स्वेन फेटच्या आईवडिलांचा फ्रँकफर्टजवळ पब होता. त्याचा जन्म १९६४चा. मिसरूड फुटायच्या वयात, १९८० साली, तो इबिथा बेटावर गेला, तिथल्या रात्री पाहून भारावून परतला आणि घरच्याच पबमध्ये तबकड्या लावू लागला. युरोपातल्या क्लब-संगीताविषयी लिहायला बसलं की मला या पबपासूनच सुरुवात करावीशी वाटते. कारण या पोराने गाणं आणि गल्ला एकाच खोलीत पाहिला. कोणत्या गाण्याला लोक उठून नाचतात, कोणत्या गाण्याला बारकडे वळतात आणि कोणत्या गाण्याला कोट चढवून घरी निघतात, हे त्याला संगीताची परिभाषा कळण्याआधी कळलं असणार.

पुढे चार दशकं हा माणूस दोन धंदे एकत्र करत आला. एक डीजेचा. दुसरा प्रमोटरचा, म्हणजे जागा मिळवायची, परवाने काढायचे, ध्वनियंत्रणा बसवायची, कोणाला वाजवायला बोलवायचं ते ठरवायचं, दारावर कोण उभा राहील आणि कोणाला आत सोडेल ते पाहायचं आणि महिनाअखेरीला तोटा आला तर तो सोसायचा. आपल्याकडच्या संगीत नाटक मंडळ्यांत मालकच मुख्य नट असायचा, तशीच ही जात. माझं म्हणणं असं की युरोपातली ही कला पिकली ती या जोडधंद्यामुळे, आणि आज ती पातळ होत असेल तर हे दोन हात वेगळे झाल्यामुळे. फेटच्या कारकिर्दीत या दोन्ही गोष्टी स्पष्ट दिसतात, त्याच्या चुकांसकट.

फ्रँकफर्टला तेव्हा विमानतळाच्या इमारतीत डोरियन ग्रे नावाचा क्लब होता. १९७८ साली सुरू झालेला, ध्वनियंत्रणेसाठी नावाजलेला. फेट तिथे वाजवू लागला. १९८६ साली ‘ऑफ’ या गटाचा गायक म्हणून त्याचं ‘इलेक्ट्रिका साल्सा’ हे गाणं युरोपभर गाजलं. त्याचे या गटातले दोन साथीदार पुढे ‘स्नॅप’ या नावाने जगभर पोचले. त्यालाही टीव्हीवरचा पॉप गायक होऊन राहता आलं असतं. त्याने १९८८ साली भागीदारांबरोबर शहराच्या मध्यवस्तीत ओमेन हा क्लब काढला आणि शुक्रवार आपल्याकडे ठेवला.

वार ठेवणं ही या कलेतली सगळ्यांत मोठी गोष्ट आहे, आणि बाहेरच्यांना ती सहसा दिसत नाही. दर शुक्रवारी तीच खोली, तोच माणूस, बरीचशी तीच माणसं. आठवडाभरात बाजारात आलेल्या शेकडो तबकड्यांतून तो दहावीस निवडतो. मागच्या शुक्रवारी न जमलेली या शुक्रवारी मध्यरात्री दोनऐवजी पहाटे पाचला लावून पाहतो. समोरची माणसं त्याचा कान ओळखतात, म्हणून त्याला धोका पत्करता येतो. मैफिलीला जाणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. ओळखीच्या श्रोत्यांसमोर गवई जेवढं धाडस करतो तेवढं परक्या गावात करत नाही. ओमेन दहा वर्षं चालला. ऑक्टोबर १९९८ मध्ये तो बंद झाला तेव्हा आत न मावलेली गर्दी बाहेर रस्त्यावर नाचत राहिली.

इथे मूळ प्रश्नाला हात घालायला हवा. दुसऱ्यांनी ध्वनिमुद्रित केलेल्या तबकड्या लावणं ही कला कशी? गंमत म्हणजे या प्रश्नाचं सर्वांत नेमकं उत्तर समीक्षकांनी दिलेलं नाही, जर्मनीच्या करखात्याच्या खटल्यांतून ते आलं. बर्लिनच्या बर्गहाइन क्लबच्या तिकिटावर करमणुकीचा १९ टक्के कर लावायचा की मैफिलीचा ७ टक्के, असा वाद होता. २०१६ साली बर्लिन-ब्रांडेनबुर्गच्या वित्त न्यायालयाने क्लबच्या बाजूने कौल दिला. २०२० साली म्युनिकच्या सर्वोच्च वित्त न्यायालयानेही अशाच प्रकरणांत तो विचार उचलून धरला. तबकड्या आणि मिक्सर नुसते गाणी ऐकवायला वापरले तर ती यंत्रं. त्यांतून नवा ध्वनी घडवला तर ती वाद्यं.

वाद्य कसं, ते थोडं खुलासेवार सांगतो. टेक्निक्स कंपनीच्या तबकडीयंत्रावर वेग कमीजास्त करायची एक सरकपट्टी असते. साधारण आठ टक्के इकडे, आठ टक्के तिकडे. एक तबकडी सभागृहात वाजत असते, दुसरी डीजे एका कानाच्या हेडफोनवर ऐकतो, बोटाने किंचित ढकलतो, किंचित रोखतो आणि दोन्हींचे ठोके जुळले की दुसरी हळूच आत घेतो. या जोडाच्या दीडदोन मिनिटांत जे ऐकू येतं ते कोणत्याच तबकडीवर नसतं. दोन संगीतकारांनी एकमेकांना न विचारता केलेली तिसरी रचना ती. आज संगणक हे ठोके आपोआप जुळवतो. त्यावरून जुन्याजाणत्यांत फार हळहळ असते, पण ती मला पटत नाही. ठोके जुळवणं म्हणजे तानपुरा लावणं. खरं काम त्यानंतरचं. फेट अजूनही तबकड्यांवरच वाजवतो. त्याबद्दल मला आदर आहे, पण त्याचं मोठेपण त्यात नाही. ते आहे वेळेच्या जाणिवेत. दहाबारा तास एकाच माणसाने वाजवायचं तर पहिले दोन तास काय वाजवायचं नाही, हे कळावं लागतं. लोक येत असतात, अंग मोकळं व्हायचं असतं, त्या वेळी हाताशी असलेली सर्वांत जोरकस तबकडी पेटीत राहू द्यावी लागते.

ही पहाटेची जाण त्याने दोन ठिकाणांहून आणली असावी. पहिलं इबिथा. ऐंशीच्या दशकात तिथल्या अम्नेसिया क्लबमध्ये आल्फ्रेदो नावाचा अर्जेंटिनाहून आलेला माणूस उघड्या आकाशाखाली वाजवायचा. रॉक, इटालियन डिस्को, शिकागोचं नवं हाउस, जे पहाटेला शोभेल ते. १९८७च्या उन्हाळ्यात चार इंग्रज डीजे तिथे गेले आणि ती रात्र लंडनला घेऊन आले. ब्रिटनमधली पुढची लाट बरीचशी तिथून उठली. पुढे आवाजाच्या तक्रारींमुळे बेटावरच्या क्लबांना छपरं घालावी लागली. आल्फ्रेदोचं डिसेंबर २०२४ मध्ये निधन झालं.

दुसरं ठिकाण आपलं, गोवा. हणजुणेच्या किनाऱ्यावर कॅलिफोर्नियाहून आलेला गोवा गिल आणि त्याच्यासारखे लोक रात्रभर वाजवत आणि सूर्योदयाला सूर बदलत. दमट उष्ण हवेत तबकड्या वाकतात, म्हणून तिथे डॅट ही डिजिटल टेप वापरत. टेपवर ठोके जुळवायची सोय जवळपास नव्हती. त्यामुळे गाण्यांच्या सुरुवातीला आणि शेवटी बिनठोक्याचे लांब तुकडे ठेवायची रीत पडली. गोवा ट्रान्सची ती तरंगती सुरुवात हवामानामुळे घडली, हे किती जणांना ठाऊक आहे? फेटच्या नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीच्या ‘अ‍ॅक्सिडेंट इन पॅरडाइज’ या अल्बमवर त्याच्या भारतवारीची छाप आहे. खरं सांगायचं तर त्यातले पौर्वात्य रंग मला वरवरचे वाटतात, पाहुण्याने नेलेल्या आठवणवस्तूंसारखे. किनाऱ्यावरच्या पहाटेतून त्याच्या हाताने जे घेतलं ते अधिक खोल होतं: घाई न करणं. आणि आता त्याच गोव्यात रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला कायद्याने बंदी असल्यामुळे पाळोळ्याला लोक कानाला हेडफोन लावून नाचतात. प्रत्येकाच्या कानात संगीत आहे, पण हवेत नाही. मला ते दृश्य उदास करतं.

ओमेननंतर फेटने सगळा जीव कोकून या आपल्या संस्थेत ओतला. नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून ती कार्यक्रम करत होतीच. पुढे अम्नेसियातला सोमवार तिने घेतला, आणि २००० साली लेबलही काढलं. इबिथावर तोवर इंग्रजी हाउस आणि ट्रान्सची सद्दी होती. जर्मन टेक्नो, तोही सोमवारी, हा जुगार होता. तो जमला आणि २०१८ साली मुक्काम पाशा क्लबमध्ये हलेपर्यंत जवळजवळ दोन दशकं टिकला. प्रत्येक हंगामाअखेर फेट त्या उन्हाळ्याच्या ध्वनीचा एक अल्बम काढायचा. कानाने लिहिलेली डायरीच ती. या सोमवारांनी अनेकांना मोठं केलं. चिलीत जन्मलेला आणि जर्मनीत वाढलेला रिकार्डो विलालोबोस हा त्यांतला सर्वांत प्रतिभावान. विलालोबोसचे विरळ, वाकडेतिकडे, दहापंधरा मिनिटांचे तुकडे कोणत्याही हिशेबी आयोजकाने हजारोंच्या गर्दीसमोर वाजू दिले नसते. फेटने वाजू दिले, कारण लावायची तबकडी आणि द्यायचा पैसा, दोन्ही त्याच्या हातात होते. प्रमोटरचं काम ही कला असते ती अशा वेळी.

मग २००४ आलं. फ्रँकफर्टच्या पूर्वेला फेटने कोकूनक्लब उभारला. रचनाकार नामांकित, भिंतींत बसायला कोशांसारख्या खोबणी, दोन उपाहारगृहं, त्यांतल्या एकाला मिशेलिनचा तारा. छायाचित्रांत आजही तो भविष्यातला वाटतो. आठ वर्षांनी, २०१२ मध्ये, दिवाळखोरीत बंद झाला. मला यात नुसतं गणित चुकलेलं दिसत नाही. एवढी वास्तू उभी केली की रोज तिचं पोट भरावं लागतं; जेवायला आलेले, वाढदिवसाला आलेले, वास्तू पाहायला आलेले सगळे लागतात. शुक्रवारच्या ओळखीच्या माणसांवर ती चालत नाही. शिवाय धनी वर्षातला बराच काळ विमानात. वार नावाला राहिला, माणूस त्या वाराला हजर नाही.

माइन नदीपलीकडे ओफेनबाखला १९९९ पासून रॉबर्ट जॉन्सन नावाचा क्लब आहे. आटा मासियास या डीजेने काढलेला. जागा छोटी, लाकडी जमीन, रोषणाईचा थाट जवळजवळ नाही, ध्वनियंत्रणा मात्र अव्वल, बाल्कनीतून नदी दिसते. कोकूनक्लब जन्मला आणि मेला, हा चालूच राहिला. एकाच शहराच्या अंगणातली ही दोन उदाहरणं मी मुद्दाम शेजारी ठेवतो. फेटचं स्वप्न मोठं होतं आणि मासियासचं लहान, असं मला म्हणायचं नाही. आपल्या हातात रात्र किती मावते, हे एकाने मोजलं.

आजच्या बाजारात मात्र हे मोजणारा माणूसच सापडत नाही. नावाजलेला डीजे शुक्रवारी एका देशात, शनिवारी दुसऱ्या, रविवारी तिसऱ्या देशात दीड-दोन तास वाजवतो. दीड तासात धोका कोण पत्करणार? प्रत्येक जण रात्रीचा कळसच वाजवतो आणि श्रोत्याला एकामागून एक कळस ऐकावे लागतात, पायाशिवाय. २०१० साली लंडनला सुरू झालेल्या बॉयलर रूम या ऑनलाइन प्रक्षेपणाच्या मंचाने कॅमेरा डीजेच्या तोंडासमोर आणला; त्यातून कितीतरी अनोळखी चांगली नावं जगाला कळली हे खरं, पण कॅमेऱ्यापुढे वाजवताना हात नकळत छायाचित्रणासाठी वाजवू लागतात. आणि मालकी? २०२४ साली केकेआर या अमेरिकी गुंतवणूक कंपनीने सुपरस्ट्रक्ट ही महोत्सवांची कंपनी विकत घेतली. जानेवारी २०२५ मध्ये बॉयलर रूमही सुपरस्ट्रक्टकडे गेली. या मालकीचा निषेध म्हणून अनेक कलाकारांनी अंग काढून घेतलं. ज्याचा पैसा आहे त्याने आयुष्यात कधी पहाटे पाचची तबकडी निवडलेली नसते, ही माझी खरी तक्रार आहे.

याच काळात सरकारी मान जेवढा मिळाला तेवढा आधी कधी मिळाला नव्हता. २०२१ मध्ये जर्मन संसदेने क्लबांना सांस्कृतिक स्थळांचा दर्जा देण्याची शिफारस केली. मार्च २०२४ मध्ये बर्लिनच्या टेक्नो संस्कृतीचा जर्मनीच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश झाला. त्याच वर्षाअखेर नदीकाठचा वॉटरगेट क्लब बावीस वर्षांनी बंद झाला. फ्रँकफर्टला एप्रिल २०२२ मध्ये आधुनिक इलेक्ट्रॉनिक संगीताचं संग्रहालय उघडलं, आणि पहिलं प्रदर्शन फेटवरच होतं. त्याच वर्षी जवळजवळ वीस वर्षांच्या खंडानंतर त्याचा ‘कथार्सिस’ हा स्टुडिओ अल्बम आला. तो मी पुन्हापुन्हा ऐकला. नीटस आहे, प्रामाणिक आहे. पण शुक्रवारची कोणतीही लांब रात्र त्याहून मोठी होती, कारण या माणसाची कला रचनेत कधी पुरती मावलीच नाही. समोर माणसं लागायची.

ही जोडकला संपली, असं मी म्हणणार नाही. बर्गहाइनमध्ये आत शिरताना मोबाइलच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावतात आणि तिथले घरचे डीजे अजूनही तासन् तास वाजवतात. सर्वांत जिवंत उदाहरण मला तिबिलिसीचं वाटतं. तिथल्या दिनामो स्टेडियमच्या पोटात, जुन्या जलतरण तलावाच्या जागी, २०१४ साली बासियानी हा क्लब सुरू झाला. बाहेरची बडी नावं येत, पण जॉर्जियाच्याच रेसिडेंट डीजेंना त्याने वार दिले, तास दिले, वाढू दिलं. मे २०१८ मध्ये हत्यारबंद पोलिसांनी मध्यरात्री धाड घातली. दुसऱ्या दिवशी हजारो तरुण संसदेसमोर रुस्तावेली रस्त्यावर जमले. ध्वनिक्षेपक आले, टेबलं मांडली गेली, आणि आदल्या रात्री अर्धवट राहिलेलं नाचणं दिवसाउजेडी पुढे सुरू झालं.