‘उत्क्रांति’ शब्दाची चिकित्सा

सामान्य वाचकांसाठीं लिहिलेल्या मराठी सृष्टिविज्ञानपर ग्रंथांत ‘उत्क्रांति’ हा शब्द रूढ आहे. ब्रह्मसूत्रांत त्याचा अर्थ जीवाचें देहांतून निर्गमन असा आहे. शिवाय ‘उत्’ उपसर्गानें चढत्या पायऱ्यांचा भास होतो. डार्विनच्या १८५९ च्या ग्रंथाचा सिद्धांत मात्र सविकार वंशपरंपरेचा आहे. बेगडेवाडीजवळील शेलारवाडीचीं लेणीं ज्या कातळांत आहेत तो सुमारें ६.६ कोटि वर्षांपूर्वींच्या लाव्हारसाचा. मगरींचें कुळ तेव्हांहि होतें. मग तें कोणती पायरी चढलें? पोथीसंग्राहकांस हें सहज उमगेल. समान अपपाठांवरून आपण प्रतींच्या शाखा ठरवितों. परंतु शेवटची नक्कल म्हणून ती श्रेष्ठ मानीत नाहीं. रूढ शब्द आतां टळणार नाहीं. लेखकांनीं निदान त्याचा विवक्षित अर्थ प्रारंभींच सांगावा.