आदिलशाही वास्तुकला

आदिलशाही वास्तुकला : विजापूरच्या आदिलशाही सुलतानांच्या (इ. स. १४९०–१६८६) आश्रयाने बहरलेली दख्खनी वास्तुकला. तिचे मूल्यमापन बहुधा गोलघुमटाच्या आकारमानावरून केले जाते. ते या शैलीला न्याय देणारे नाही.

तालिकोटच्या लढाईतील (१५६५) विजयाने राज्याची संपत्ती वाढली आणि पहिला अली आदिलशाह (कार. १५५८–८०) याने जामी मशिदीची उभारणी हाती घेतली. तिचे नियोजित मीनार पूर्ण झाले नाहीत. तरीही कमानींच्या शुभ्र, अनलंकृत रांगा आणि कमलदलांतून उमललेला घुमट यांत या शैलीचा संयम उत्कटतेने जाणवतो. पुढे मुहंमद आदिलशाहाने मेहराबीवर करविलेले सोनेरी रंगकाम देखणे असले, तरी मूळ वास्तूच्या वृत्तीशी विसंगतच होय.

दुसरा इब्राहीम (कार. १५८०–१६२७) याचा इब्राहीम रोझा ही या शैलीची सर्वश्रेष्ठ निर्मिती. एकाच चौथऱ्यावर कबर व मशीद समोरासमोर असून मध्ये हौद आहे. मलिक संदल याने येथे दगडाला जरीकामाची नजाकत आणली. खिडक्यांच्या जाळ्या अक्षरांच्याच वळणांतून कोरल्या आहेत. प्रकाश जणू लिपीतून झिरपतो. कबरीच्या दालनाचे सपाट पाषाणी छत तर मधल्या आधारावाचून तोलले आहे. हे धाडस प्रेक्षकाच्या सहसा लक्षात येत नाही, यातच त्याचे मोठेपण आहे.

मुहंमदाच्या (कार. १६२७–५६) गोलघुमटात मात्र धाडस हेच प्रदर्शन बनले. सु. ४१ मी. बाजूच्या चौरस दालनावर सु. ४४ मी. बाह्य व्यासाचा घुमट बसविला आहे. परस्परांना छेदणाऱ्या आठ कमानी चौरसाचे वर्तुळात रूपांतर करतात आणि त्यांचे आत झुकलेले वजन घुमटाच्या बाहेरच्या रेट्याला तोलते. रचनाशास्त्राच्या दृष्टीने ही योजना अजोड आहे. बाह्यरूप मात्र जड वाटते. कोपऱ्यांवरील सात मजली अष्टकोनी मनोरेही तो जडपणा हलका करीत नाहीत. १६३६ मध्ये मोगलांचे वर्चस्व मान्य करावे लागलेल्या सुलतानाची ही कबर आहे. त्याच काळात दक्षिणेकडे राज्य विस्तारतही होते. तेव्हा या भव्यतेला केवळ पोकळ डौल म्हणता येणार नाही.

दुसऱ्या अलीने (कार. १६५६–७२) आपल्या कबरीसाठी आरंभिलेली बारा कमान अपुरीच राहिली. चौथऱ्यावर काळ्या दगडाच्या उघड्या कमानी तेवढ्या उभ्या आहेत. त्याच्या मृत्यूनंतर चौदा वर्षांनी औरंगजेबाने विजापूर जिंकले.