वारली आकृतीची चाल आणि बालकांचे ॲनिमेशनपट

पालघर जिल्ह्यातील वारली चित्रशैली जाहिरातींपासून शालेय पुस्तकांपर्यंत सर्वत्र पोहोचली असली, तरी लहान मुलांसाठी केलेल्या ॲनिमेशन लघुपटांत तिचा उपयोग बहुधा पार्श्वभूमीच्या सजावटीपुरता होतो, आणि हे त्या शैलीचे मोठेच नुकसान आहे. कारण हालचाल ही त्या चित्रांची मूळ प्रकृती आहे. टोकाला टोक जोडलेले दोन त्रिकोण, त्यांतून निघणारे रेषांचे हातपाय आणि बहुधा नाकडोळ्यांविना असलेले मस्तक एवढ्यावर उभी राहणारी ही मनुष्याकृती कमरेच्या बिंदूत वळते, वाकते, धावते. शरीराचे भाग सुटे कापून सांध्यांशी जोडायचे, थोडे थोडे सरकवून प्रत्येक स्थितीचे छायाचित्र घ्यायचे, या कटआउट पद्धतीसाठी जणू ती आधीच आखून ठेवलेली आहे. चेहऱ्यावर भाव नसल्याने आनंद, भीती आणि थकवा शरीराच्या कलण्यातून दाखवावे लागतात, आणि नेमकी हीच भाषा तीन-चार वर्षांच्या मुलाला वाचता येते.

इतक्या कमी रेषांत जीव ओतता येतो, याचा दाखला मराठी माणसानेच फार पूर्वी दिला होता. दादासाहेब फाळके यांनी 1915 मध्ये ‘आगकाड्यांची मौज’ या लघुपटात काड्या चौकटीगणिक हलवून त्यांना चालते केले. पुढे फिल्म्स डिव्हिजनने 1974 मध्ये काढलेल्या ‘एक अनेक और एकता’मध्ये दिग्दर्शिका विजया मुळे आणि ॲनिमेशनकार भीमसेन यांनी साध्या आकृत्या व सपाट रंग वापरून जाळ्यासकट उडणाऱ्या पक्ष्यांची गोष्ट सांगितली. त्या लघुपटाचे खरे यश असे की, ‘एकता’ ही अमूर्त कल्पना मूल आधी डोळ्यांनी पाहते आणि मग तिचे नाव ऐकते.

आजच्या बालपटांत असा संयम दुर्मीळ झाला आहे. पडद्यावर सेकंदाला 24 चौकटी सरकतात. एक चित्र दोन चौकटींना पुरवले, तरी पाच मिनिटांसाठी 3,600 चित्रे लागतात. हा श्रम वाचवण्यासाठी धड स्थिर ठेवून केवळ ओठ हलवले जातात, आणि उरलेली पोकळी सततच्या संवादाने व झटपट बदलणाऱ्या दृश्यांनी भरली जाते. संगणकामुळे आकृतीचे सांधे एकदा बांधून पुन्हा पुन्हा वापरता येऊ लागले, पण वाचलेला वेळ चाल घडवण्याकडे क्वचितच वळला.

लोककलेला सजावटीपलीकडे नेणारा मार्ग मुंबईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्रात अध्यापन केलेल्या नीना सबनानी यांच्या कामात दिसतो. ‘मुकंद अँड रियाझ’ (2005) हा फाळणीवरील लघुपट त्यांनी कापडी तुकड्यांच्या जोडकामाच्या शैलीत घडवला, तर ‘हम चित्र बनाते हैं’ (2016) भिल्ल चित्रकार शेर सिंग यांच्याबरोबर केला. तेथे कथा आणि चित्रशैली एकाच समाजाच्या आहेत. त्याच धर्तीवर वारली चित्रांतील तारपा नृत्याचे गोल वेटोळे, क्षितिजरेषा नसलेला अवकाश आणि एकाच चित्रात शेजारी शेजारी घडणाऱ्या शिकार, पेरणी व लग्नाच्या घटना हेच लघुपटाच्या रचनेचे तत्त्व मानले, तर दृश्य तोडण्याची गरजच कमी होईल आणि मुलाची नजर स्वतःच्या गतीने फिरू शकेल.

पालघर जिल्ह्यात असा प्रयोग होण्यास आणखी एक बळकट कारण आहे. ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डीला सुरू केलेले आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडला रुजवलेले बालशिक्षण पाने, शंख, दगड अशा परिसरातल्या वस्तूंवर उभे होते. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीभोवती तर वारली, मराठी, गुजराती, हिंदी अशा निरनिराळ्या घरभाषांची मुले एकाच अंगणवाडीत येतात. त्यांना संवादाविना कळणारा लघुपट अधिक उपयोगी पडेल. त्यासाठी गंजाडसारख्या गावांतील चित्रकार नमुने पुरवण्यापुरते न बोलावता चित्रकथापट, म्हणजे दृश्यांचा आरंभीचा क्रमवार आराखडा, आखण्याच्या वेळीच दिग्दर्शकाशेजारी बसले पाहिजेत, आणि कच्च्या चित्रांची चलफीत पूर्ण होण्याआधी अंगणवाडीत दाखवून मुले कोठे थांबतात, कोठे मान फिरवतात, याच्या नोंदींवरून दृश्यांची लांबी ठरवली पाहिजे.