‘चोक’ या शब्दाआड काय दडते? : मेम्ब्रेन तुंबण्याच्या भाकितांचे एक परीक्षण

पिण्याच्या पाण्याच्या शुद्धीकरणात मेम्ब्रेनचा वापर आता मोठ्या संयंत्रांपुरता मर्यादित राहिलेला नाही. हुबळीच्या कोप्पीकर रोडसारख्या बाजारपेठेत घरगुती आरओ यंत्र मिक्सर-फ्रिजच्या जोडीने विकले जाते आणि ‘मेम्ब्रेन किती दिवस टिकेल?’ हा ग्राहकाचा पहिला प्रश्न असतो. दुकानदार वर्ष-दोन वर्षांचा आकडा सांगतो. संशोधकही हाच प्रश्न विचारत आले आहेत, फक्त अधिक शिस्तीने. त्यांच्या उत्तरांपैकी सर्वांत रूढ झालेले उत्तर कितपत विश्वासार्ह आहे, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

प्रथम भाषेचा विचार करणे आवश्यक आहे. मेम्ब्रेनला उर्दूत ‘झिल्ली’ म्हणतात; मराठीत जीवशास्त्राने ‘पेशीपटल’ रुळवले असल्याने ‘पटल’ हा शब्द हाताशी आहे. खरी अडचण आहे ती पटलाला जे होते त्याच्या नावाची. काही जण त्याला ‘दूषण’ म्हणतात. हा शब्द दिशाभूल करणारा आहे. विद्यार्थ्याला वाटते पाणी दूषित झाले, वस्तुतः तुंबलेल्या पटलातून येणारे पाणी कमी असते, पण ते अस्वच्छ असतेच असे नाही. दुरुस्ती करणारे कारागीर सरळ ‘मेम्ब्रेन चोक झाला’ म्हणतात. शब्द बोलका आहे, यात शंका नाही. मात्र त्यात चार वेगळ्या घटना एकत्र होतात : बारीक मातीचा थर बसणे, सेंद्रिय द्रव्याचा चिकटा धरणे, कॅल्शियमचे क्षार साचणे आणि जिवाणूंची वाढ होणे. चारही घटनांत पाण्याची धार बारीक होते. उपाय मात्र निरनिराळे. क्षार आम्लाने सुटतात, सेंद्रिय चिकट्याला अल्कली लागते.

कारागिराच्या शब्दात जी उणीव आहे, तीच प्रयोगशाळेच्या आकड्यातही आढळते. सिल्ट डेन्सिटी इंडेक्स, म्हणजेच एसडीआय, ही चाचणी जगभर वापरली जाते. 47 मिलिमीटर व्यासाच्या आणि 0.45 मायक्रॉन छिद्रांच्या गाळणकागदातून सुमारे 2 बार दाबाखाली पाणी सोडतात. पहिले 500 मिलिलिटर पाणी जमायला लागलेला वेळ मोजतात. 15 मिनिटांनी पुन्हा तेवढेच पाणी जमायला किती वेळ लागला ते पाहतात. वेळ जितका वाढला, तितका निर्देशांक मोठा. तो 5 च्या आत असावा, 3 च्या आत असल्यास उत्तम, असा मेम्ब्रेन उत्पादकांचा सर्वसाधारण संकेत आहे.

हे गणित वर्गात फळ्यावर करून पाहावे. पहिले 500 मिलिलिटर 30 सेकंदांत आले आणि 15 मिनिटांनी त्यालाच 120 सेकंद लागले, तर निर्देशांक 5 येतो. 120 ऐवजी 600 सेकंद लागले, म्हणजे धार आणखी पाचपट मंदावली, तर तो जेमतेम 6.33 होतो. या मापाची कमाल मर्यादाच 6.67 आहे. पाणी जसजसे वाईट होत जाते, तसतशी मोजपट्टी आखूड होत जाते! शिवाय पाण्याच्या तापमानाची दुरुस्ती तीत नाही आणि 0.45 मायक्रॉनपेक्षा पुष्कळ लहान कण कागदातून निसटून जातात. हे कण पुढे आरओच्या पटलावर बसतात.

या उणिवा जाणकारांच्या ध्यानात आल्या नव्हत्या असे नाही. 1980 साली नेदरलँड्समधील शिपर्स आणि व्हर्डाव यांनी सुधारित निर्देशांक मांडला. त्यात पटलावर साचणाऱ्या थराचा रोध आलेखाच्या उतारावरून काढतात आणि तापमान व दाबाची दुरुस्तीही करतात. 1982 मध्ये हर्मिया यांनी छिद्र पूर्ण बुजणे, अंशतः बुजणे, आतून अरुंद होणे आणि वर थर बसणे अशा चार प्रकारांना एका समीकरणात आणले. ही प्रगती निर्विवाद आहे. तथापि क्षार साचण्याचा अंदाज यांपैकी कशातूनही मिळत नाही. त्यासाठी 1936 सालचा लँजेलिअर निर्देशांक, म्हणजे पाण्याच्या रसायनाचे निराळेच गणित लागते.

यापेक्षा महत्त्वाचा आक्षेप नमुन्याविषयी आहे. 15 मिनिटांची चाचणी कोणत्या 15 मिनिटांची? हुबळी-धारवाडला मलप्रभेचे पाणी अम्मिनभावीच्या शुद्धीकरण केंद्रातून येते, तसेच नीरसागर जलाशयाचेही येते. 2008 पासून काही प्रभागांत चोवीस तास पुरवठ्याचा प्रयोग झाला. इतरत्र पाणी काही दिवसांच्या अंतराने सोडले जाई. या दोन प्रकारच्या प्रभागांची तुलना एमिली कम्पेल व कारा नेल्सन यांनी केली. खंडित पुरवठ्याच्या नळांत मलजन्य जिवाणू कितीतरी अधिक वेळा सापडले, आणि पुरवठा सुरू होतानाच्या पहिल्या पाण्यात गढूळपणा व जिवाणू दोन्ही वाढलेले दिसले. केंद्रातून निघालेले पाणी आणि नळातून पडलेले पाणी एकच नव्हे, असा याचा अर्थ.

घराघरांत यापुढचेही पाऊल पडते. पहिला गाळ टाकीच्या तळाशी बसतो. टाकी रिकामी होत आली की तोच ढवळून यंत्राकडे जातो. मधल्या दिवसांत बोअरवेलचे किंवा टँकरचे पाणी त्याच टाकीत मिसळले, तर क्षारांची भर पडते. केंद्रावर घेतलेला एक नमुना या यंत्राविषयी काय सांगणार? दुकानदाराचा वर्षाचा आकडा आणि शास्त्रज्ञाचा निर्देशांक येथे जवळपास एकाच पंक्तीला येऊन बसतात. खिशातला टीडीएस मीटरही मदतीला येत नाही. तो पाण्याच्या विद्युतवाहकतेवरून विरघळलेल्या क्षारांचा अदमास देतो, माती आणि जिवाणू त्याला दिसत नाहीत.

1990 च्या दशकापासून संगणकीय न्यूरल नेटवर्कने भाकीत करण्याचे प्रयत्न सुरू झाले. एखाद्या संयंत्राच्या नोंदींवर शिकलेले असे प्रारूप त्या संयंत्रापुरते चांगले चालते. पाणी बदलले की ते गडबडते. उर्दूत ‘पेशगोई’ आणि ‘अंदाजा’ हे शब्द वेगळे आहेत. पहिल्यात भविष्यवाणीचा ठामपणा आहे, दुसऱ्यात मापाने केलेला अदमास. मराठीने ‘अंदाज’ फारसीतून केव्हाच उचलला. या शास्त्राला तोच शोभतो.

तो अंदाज बांधण्यास महाग उपकरणाची गरज नाही. शुद्ध पाण्याच्या नळीखाली एक लिटरचे भांडे ठेवून ते भरण्याचा वेळ दर आठवड्याला टिपता येतो. शेजारी पाण्याचे तापमान अवश्य लिहावे, कारण पाणी 1 अंशाने थंड झाले की पटलातून येणारी धार सुमारे 3 टक्क्यांनी मंदावते आणि डिसेंबरातील मंद धार हा ‘चोक’ समजला जातो. तिसरा रकाना पुरवठ्याचा ठेवावा : नळाला पाणी कोणत्या दिवशी आले, मधे बोअरचे किंवा टँकरचे किती मिसळले. अशा दोन घरांच्या वहीची पाने शेजारी ठेवली, की एकाच गल्लीत दोन मेम्ब्रेन वेगवेगळ्या कारणांनी तुंबताना विद्यार्थ्यांना दिसू शकतील.